साडेसत्याण्णव मीटर

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून आल्याला तीन आठवडे झाले, आणि ही बातमी न कळलेला माणूस आमच्या सोसायटीत आता उरलेला नाही. इस्त्रीवाल्यालाही ठाऊक आहे, कारण फिनिशरचा टी-शर्ट मी त्याच्याकडे इस्त्रीला टाकला. असल्या कापडाला इस्त्री लागत नाही, हे त्यानेच मला सांगितलं. पण तोवर त्याने पाठीवरची अक्षरं वाचली होती. माझं काम झालं होतं.

"किती पळालात?" असं कुणी विचारलं की मी नुसतं "एकवीस" म्हणतो. एकक सांगायचं नाही, त्याने वजन कमी होतं. आणि पळालो म्हणजे बोगद्यापर्यंत खरोखरच पळालो. पोवई नाक्यापासून लोक दुतर्फा टाळ्या वाजवत होते, तेव्हा चालणार कसं? पुढे यवतेश्वरचा घाट लागला, टाळ्या विरळ झाल्या आणि माझे पाय लगेच प्रामाणिक झाले. आम्ही त्याला चालणं म्हणत नाही, 'रन-वॉक स्ट्रॅटेजी' म्हणतो. धुक्यामुळे पुढचा चढ दिसत नव्हता, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. तेवढ्यात सत्तरीचे एक गृहस्थ फोनवर घरी गिझर बंद करायची आठवण करून देत देत माझ्या पुढे निघून गेले. त्यांना धापही लागलेली नव्हती.

पण एकवीस हा आकडा खरा नाही. हाफ मॅरेथॉन असते २१.०९७५ किलोमीटरची. हे वरचे साडेसत्याण्णव मीटर कुठून आले, हे मी गेले तीन आठवडे भेटेल त्याला सांगतो आहे. तुम्हीही सुटणार नाही. पूर्वी मॅरेथॉनचं अंतर पक्कं नव्हतं, साधारण चाळीस किलोमीटर धरायचे. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते भरलं २६ मैल ३८५ यार्ड. इटलीचा दोरांदो पिएत्री सगळ्यांच्या आधी स्टेडियममध्ये शिरला, उलट्या दिशेला वळला, पडला, उठला, परत पडला. शेवटी अधिकाऱ्यांनी धरून त्याला रेषेपार नेलं आणि धरून नेलं म्हणूनच तो बाद झाला. १९२०च्या अँटवर्पला अंतर आणखी वेगळं, ४२.७५ किलोमीटर. तिथे आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले धावले आणि एकोणिसावे आले. पुढच्याच वर्षी लंडनचंच माप कायम झालं: ४२.१९५. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच धावले, आणि त्यांनी त्याबद्दल कुठला टी-शर्ट इस्त्रीला दिल्याची नोंद नाही.

तर त्या ४२.१९५चे निम्मे माझ्या वाट्याला आले. लंडनच्या राजघराण्याची बसायची सोय, आणि साताऱ्यात माझ्या गुडघ्याचे हाल.

मी मुळात पूर्णांकातला माणूस. दहावीला ५८.६ टक्के पडले, ते मी आजतागायत साठ सांगतो. उंची पाच फूट साडेसहा इंच, ती लग्न जमवताना सात झाली. त्यामुळे उतारावरून परत येताना मांड्यांची लाकडं झाली तरी माझा सगळा जीव मनगटावरच्या घड्याळात होता. घड्याळाने २१.१० दाखवलं आणि मी जागच्या जागी थांबून दोन्ही हात वर केले. डोळेसुद्धा मिटले. पाणी वाटणाऱ्या पोरांपैकी एक जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, अजून थोडं आहे."

कमान तिकडे दोनशे मीटरवर होती. रस्ता मोजतात तो वळणावळणाला सगळ्यात जवळची वाट धरून. मी पळालो होतो टाळ्या वाजतील त्या बाजूने, आणि घड्याळाने त्याच्याही वर आपल्या पदरचं घातलं होतं. वर केलेले हात खाली घेऊन पुन्हा पळायला लागणं हे घाटापेक्षा अवघड असतं.

संध्याकाळी पुण्याला घरी पोचलो. आई खाली फेरी मारायला निघाली होती, तिच्याबरोबर मीही निघालो, गळ्यात मेडल तसंच. पहिल्याच पायरीवर मांडीतून अशी कळ आली की मी कठडा धरून उभाच राहिलो.

आईचे दोन्ही गुडघे गेल्या दिवाळीनंतर बदलले. तेव्हापासून आमच्या घरापासून फाटकापर्यंतच्या बावीस पायऱ्या ती मोजून उतरते. आणि तिच्या मागे उभा राहून मी किती वेळा म्हणालो असेन, "आई, चल ना गं, एवढ्याशा तर पायऱ्या." घड्याळ बघत म्हणालो असेन. तेच घड्याळ. तिने कधी उलट उत्तर दिलं नाही, कारण तोंडाने आकडा चालू असायचा. मध्ये बोललं की मोजणी चुकते.

त्या दिवशी ती वळून वर आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. "चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी," म्हणाली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला शिकवलेलं. "कुठला दुखतो?" मी म्हटलं, दोन्ही. "मग कुठलाही टाक. पण सावकाश." आणि ती माझ्यासाठी मोजायला लागली. अकरा. बारा. मध्ये मी दोनदा थांबलो. ती एकदाही "चल ना" म्हणाली नाही.

रात्री ती मावशीशी फोनवर बोलत होती. मी दुसऱ्या खोलीत मेडल कुठे टांगावं याचा विचार करत कान देऊन बसलो होतो.

"हो, आला ना," आई म्हणाली. "एकवीस किलोमीटर पळाला म्हणे. मी बघितल्या त्या बावीस पायऱ्या. कठडा धरून."