मायनस नऊचा प्रश्न : न्यू जर्सीहून घोडेगावास

ती. आबा व ती. सौ. आई यांचे चरणी न्यू जर्सी येथील चिरंजीव, सूनबाई व नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

चिरंजीवांच्या डोळ्यांवर लेझर शस्त्रक्रिया करावी किंवा कसे, या विषयावर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालेल्या चर्चेतून सुप्रभातच्या चित्रांखेरीज काही निष्पन्न न झाल्याने, आणि निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आबांनी मोघम न बोलता सर्व सविस्तर व साधार लिहून कळवावे अशी आज्ञा केल्याने, प्रस्तुत पत्र ग्रंथाच्या रीतीने लिहिले जात आहे. त्यात कोणाचीही बाजू घेतलेली नाही, कारण बाजू असलेल्या सर्व व्यक्ती येथे एकाच छताखाली राहतात.

निकटदृष्टिता, म्हणजे जवळचे स्पष्ट व दूरचे धूसर दिसणे, हा दोष बहुधा नेत्रगोल मागेपुढे प्रमाणापेक्षा लांब वाढल्याने उद्भवतो. प्रौढ माणसाचा नेत्रगोल सुमारे 24 मिलिमीटर लांब असतो आणि त्याहून एक मिलिमीटर लांबी वाढली की चष्म्याचा नंबर साधारण अडीच ते तीन डायॉप्टरने चढतो, डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक. सहाच्या पुढचा मायनस नंबर तीव्र समजला जातो. चिरंजीवांचा नंबर मायनस नऊ असल्यामुळे चष्म्याविना त्यांचे स्पष्ट जग डोळ्यांपासून 11 सेंटिमीटरवर संपते, आणि न्हाणीघरातील शाम्पू व कंडिशनर यांतील भेद त्यांना नाकाने करावा लागतो.

आत्याबाईंनी सुचवलेले त्रिफळ्याचे पाणी, त्राटक व पहाटे दवात अनवाणी चालणे या उपायांचा येथे आदरपूर्वक विचार झाला. तथापि लांब झालेला नेत्रगोल यांपैकी कशानेही आखूड होत नाही. आईंचे मत मात्र शास्त्राला धरून निघाले. पोरगे उन्हात खेळले असते तर चष्मा लागला नसता, असे त्या गेली अनेक वर्षे म्हणत आल्या आहेत, आणि मोकळ्या उजेडात वेळ घालवणाऱ्या मुलांना निकटदृष्टिता कमी प्रमाणात जडते, हे आता संशोधनाने मान्य झाले आहे. तैवानने तर 2010 पासून शाळकरी मुलांना रोज 120 मिनिटे वर्गाबाहेर काढण्याचे धोरण स्वीकारले. चौथीच्या स्कॉलरशिपसाठी चिरंजीवांना घोडेगावच्या घरात दार लावून कोणी बसवले होते, हा प्रश्न प्रस्तुत पत्राच्या कक्षेबाहेरचा आहे.

आता लेझरविषयी. डोळ्यांत येणारा प्रकाश वळवून एकत्र आणण्याच्या कामापैकी सुमारे दोन तृतीयांश काम पारपटल, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा करतो. म्हणून त्याचा मधला भाग किंचित सपाट केला की प्रतिमा दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, अलीकडे न पडता त्यावर पडते. बोगोटा येथील होसे इग्नासिओ बाराकेर यांनी गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पारपटलाची पातळ चकती काढून, गोठवून, तासून परत बसवण्याची रीत मांडली, जी ऐकूनच येथील सूनबाईंनी कानांवर हात ठेवले. एक्सायमर लेझर नावाचे आजचे साधन मात्र ऊतीला जाळत नाही. त्याचा 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण रेणूंचे बंध तोडून अतिसूक्ष्म थर उडवतो व शेजारचा भाग जवळपास तसाच राहतो.

हा गुण ज्यांच्या लक्षात आला त्यांत मद्रासला जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन प्रमुख होते, हे आबांना आवडेल. तो ज्यावर प्रथम पडताळला गेला ती वस्तू मात्र आईंच्या माळेला चालण्यासारखी नाही. न्यूयॉर्क राज्यात यॉर्कटाऊन हाइट्स येथे, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, 27 नोव्हेंबर 1981 रोजी श्रीनिवासन यांनी आदल्या दिवशीच्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेली टर्की, म्हणजे कोंबडीच्या नात्यातला एक थोराड पक्षी, नेली आणि तिच्या हाडा-कुर्चेवर लेझर चालवून स्वच्छ छेद मिळवला. जेम्स विन व सॅम्युएल ब्लम हे त्यांचे सहकारी होते. शस्त्रक्रियेच्या वेळी यंत्रात टर्कीचा अंशही नसतो, हे आईंना कृपया निःसंदिग्ध शब्दांत सांगावे.

लॅसिक या प्रचलित पद्धतीत पारपटलाचा वरचा पापुद्रा एका कडेला चिकटलेला ठेवून उचलतात, खालचा भाग लेझरने घडवतात आणि पापुद्रा टाके न घालता पुन्हा बसवतात. कांद्याच्या बाजारात उभा जन्म काढलेल्या काकांना ही क्रिया कांदा हातात घेतल्याबरोबर कळेल, फरक इतकाच की येथे डोळ्यांतून पाणी येऊ नये म्हणून आधीच थेंब घालून डोळा बधिर केलेला असतो. उलट शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडण्याची तक्रार पुष्कळांना असते.

खरी अडचण धैर्याची नसून गणिताची आहे. पारपटलाची जाडी सर्वसाधारणपणे 540 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक असते. चिरंजीवांची 505 भरली. त्यातून पापुद्र्याचे 110 वजा जाता, आणि प्रत्येक डायॉप्टरला 12 ते 15 मायक्रॉन या हिशेबाने नऊ डायॉप्टरसाठी सुमारे 126 उडवले असता, खाली 269 उरतात. किमान 250 उरावेत असा जुना संकेत आहे, तर सावध डॉक्टर 300 च्या खाली जायला तयार नसतात, कारण फार पातळ झालेले पारपटल डोळ्यांतील दाबाने पुढे फुगू शकते व मग चष्म्यानेही नीट दिसत नाही. थोडक्यात, चिरंजीव काठावर उत्तीर्ण आहेत, आणि काठावर उत्तीर्ण होणाऱ्यांविषयी आबांचे मत सर्व विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. पापुद्रा न उचलता लहानशा छेदातून आतली चकती काढणारी स्माइल ही नवी पद्धतही पारपटलातूनच खर्च करते, त्यामुळे शिल्लक फारशी वाढत नाही.

म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांनी दुसरा मार्ग दाखवला : परितारिका, म्हणजे डोळ्यातील रंगीत पडदा, आणि मूळ भिंग यांच्यामधल्या जागेत एक पातळ कृत्रिम भिंग बसवणे. गावातल्या शिबिरात आजींचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा गढूळ झालेले मूळ भिंग काढून नवे घातले होते. येथे मूळ भिंग जागेवर राहते, पारपटल खर्च होत नाही आणि बेत फसला तर घातलेले भिंग काढता येते. डोळ्यांतील दाब वाढणे किंवा पुढे मोतीबिंदू होणे हे धोके त्यात आहेत, तरी मोठ्या नंबरासाठी हाच मार्ग अनेकदा अधिक समंजस ठरतो. या मार्गात लेझर नाही, हे कळल्यावर चिरंजीवांचा उत्साह बराच ओसरला.

सूनबाईंचा आक्षेप वेगळा आहे. चाळिशीत डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होऊन जवळचे वाचता येईनासे होते, आणि निकटदृष्टीच्या माणसाला तेव्हा चष्मा काढून वाचण्याची सोय असते. शस्त्रक्रियेने ती जाते. चिरंजीव अडतिशीत आहेत. तेव्हा दूरचा चष्मा घालवण्यासाठी पैसे मोजून लवकरच जवळचा चष्मा आणावा लागेल, असा सूनबाईंचा हिशेब असून तो कोणालाही खोडता आलेला नाही. शिवाय नंबर गेला तरी नेत्रगोल लांबच राहतो व ताणलेले दृष्टिपटल सुटण्याचा धोकाही राहतो, म्हणून वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासणे, आणि एकाएकी काजवे चमकले किंवा काळे ठिपके तरंगू लागले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठणे, हे चुकत नाही.

येथे एक सामाजिक निरीक्षण नोंदवणे अवश्य आहे. चिरंजीवांचे स्थळ पाहायला आलेल्यांनी काचेच्या जाडीविषयी चकार शब्द काढला नव्हता, किंबहुना ती अभ्यासाची खूण मानली. मुलींना मात्र बघण्याच्या कार्यक्रमाआधी लेझर करून घ्यावे लागते. ही विषमता कोणत्याही यंत्राने दुरुस्त होत नाही.

खर्चाविषयी म्हणावे तर येथील इन्शुरन्स कंपन्या ही शस्त्रक्रिया हौशीच्या सदरात टाकतात आणि सहसा काही देत नाहीत. भारतातील आरोग्य विम्यात 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी दोषावरील खर्च वगळण्याची प्रमाणित तरतूद आहे, त्यामुळे आपला नंबर कशासाठी तरी पुरेसा आहे हे कळून चिरंजीवांस आयुष्यात प्रथमच त्याचा अभिमान वाटला; परंतु भारतातली पॉलिसीच त्यांच्याजवळ नाही. तरीही लेझरची सोय नगरमध्येच असल्याने (अहिल्यानगर म्हणावे, ही नातवाची दुरुस्ती) दिवाळीत तेथेही दाखवावे असे ठरते आहे.

आबांनी लोखंडी पेटीतील चष्म्याच्या नंबरांचे जुने कागद पाठवावेत. नंबर किमान वर्षभर स्थिर असावा लागतो व तो पूर्वी कसकसा चढला हे डॉक्टरांना पाहायचे आहे. तसेच पारपटल शंकूसारखे पुढे येण्याचा विकार, ज्यात लेझर वर्ज्य आहे, कुळात कोणास होता काय, याची भावकीत चौकशी करावी, आणि ती करताना वाटणीचा विषय निघणार नाही अशी दक्षता घ्यावी.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. कॉन्टॅक्ट लेन्सच्या दाबाने पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून फेरमोजणीपूर्वी लेन्स बंद ठेवण्यास सांगितले आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर चिरंजीव कॉलेजातल्या जाड चष्म्यात दिसतील. नंबर वाढला असे समजून आईंनी शिंगणापूरला तेल बोलू नये.