कुणाला काही होतंय का?

परदेश सहलीला निघताना प्रस्तुत लेखकाचे कपडे त्याची बायको भरते. औषधांच्या बटव्याला मात्र तो कुणाला हात लावू देत नाही. त्याची स्वतःची तब्येत कंटाळा यावा इतकी ठणठणीत आहे, तेव्हा कारण आजारपण नाही. सहलीच्या बसमध्ये मागच्या सीटवरून कुणीतरी "अहो, मळमळीवर काही आहे का?" असं विचारावं, आणि आपण न बघता, नुसतं चाचपून अ‍ॅव्होमिनची पट्टी काढून द्यावी, हे त्याचं स्वप्न आहे. आल्प्समधले घाट किती वळणांचे आहेत ही माहिती त्याने एवढ्यासाठीच काढून ठेवली आहे.

वरच्या कप्प्यात सभ्य मंडळी असतात: पॅरासिटामॉल, इलेक्ट्रल, बँडपट्ट्या, क्रेप बँडेज, डिजिटल थर्मामीटर. पाऱ्याचा थर्मामीटर विमानाच्या केबिनमध्ये नेता येत नाही, हे लेखक न विचारताही सांगतो. खालच्या कप्प्यात हिंगाष्टक, सितोपलादी आणि कैलास जीवन. कैलास जीवन कशावर लावायचं हे विचारू नये. कशावर लावायचं नाही, एवढंच विचारावं. मागे एका सहलीत शेजारच्या बाई दोनदा शिंकल्या. लेखकाने लगबगीने बटवा उघडला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, मी डॉक्टर आहे." उरलेल्या प्रवासात त्यांच्याकडे रांग आणि लेखकाकडे बटवा.

मधल्या कप्प्यात अमृतांजन असतं, आणि त्याचा विषय निघाला की लेखकाला आवरणं अवघड जातं. १८९३ साली काशीनाधुनी नागेश्वरराव या आंध्रातल्या गृहस्थांनी हा बाम मुंबईत सुरू केला. जाहिरात म्हणून ते गाण्याच्या मैफलींत त्याचे नमुने फुकट वाटायचे. ऐन मैफलीत समोर डोकेदुखीवरचं औषध वाटलं जाताना गवयांनी ते कसं सहन केलं असेल, या विचारात लेखक अर्धा तास सहज घालवतो. पुढे १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' हे साप्ताहिक काढलं. आधी बाम, मग वृत्तपत्र. क्रम अगदी बरोबर आहे! काही वर्षांनी बाम आणि पत्रिका दोन्ही मद्रासला गेली आणि नागेश्वरराव सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले. बामच्या पैशावर पत्रकारिता आणि राजकारण दोन्ही चालवणारा माणूस खिशात घेऊन फिरतोय, या भावनेने लेखकाची मान विमानतळावर किंचित ताठ असते.

ती सुरक्षा तपासणीपर्यंतच. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून सुटणारी विमानं शीतपेयांच्या बाटल्यांतल्या द्रवस्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रवाशांचे द्रवपदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत, एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत गेले. आता नवे स्कॅनर आलेल्या काही विमानतळांवर नियम सैल झालाय, पण परतीचा विमानतळ त्यातला असेलच असं नाही. लेखकाचं दुःख 'पारदर्शक' या अटीशी आहे. बामची बाटली, मलम आणि त्या दोघांना खेटून केसांचा कलप. वयाचा अंदाज येऊ नये म्हणून आणलेली वस्तू अशी दोनशे लोकांपुढे ट्रेमधून सरकत जाते.

औषधांपेक्षा फराळ जास्त धोक्याचा असतो, हे मात्र लोकांना पटत नाही. दुबईच्या भाचीसाठी अनारसे नेताना त्यांच्या पाठीवर खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत काय, सिंगापुरात काय, खसखस अमली पदार्थांच्या हिशेबात धरून बंद आहे. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रामाडॉल अमिरातीत न्यायचं तर आधी परवानगी लागते. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी जपानमध्ये चालत नाही. घरच्या गल्लीतला केमिस्ट जे चिठ्ठीशिवाय हातावर ठेवतो, त्यासाठी तिकडे बसवून ठेवतात.

इथे लेखकाची गंमत संपते. त्याच्या सोसायटीतल्या एक काकू मुलाकडे अमेरिकेला जातात. स्वतःपुरतं औषध साधारण ९० दिवसांचं न्यावं, असा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचा संकेत. मुक्काम सहा महिन्यांचा. गेल्या खेपेला काकूंनी बीपीची गोळी पहिल्या दिवसापासून अर्धी करून घेतली. "तिथले डॉक्टर केवढे महाग, मुलाला कशाला भुर्दंड?" डिंकाच्या लाडवांनी दोन्ही बॅगा तेवीस-तेवीस किलो भरल्या होत्या, आणि सुनेला त्यातला एकही लाडू कमी पडला नव्हता. हे ऐकून लेखकाला काकूंचा राग आला. मग त्यांच्या मुलाचा आला, आणि तोही फार वेळ टिकला नाही, कारण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

या वर्षी लेखक स्वतः काकूंकडे गेला, बटव्याशिवाय. गोळ्या मूळ पाकिटांत, हातातल्या बॅगेत ठेवायच्या. इन्सुलिन तर सामानात टाकायचंच नाही, खाली गोठू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह हवी. मुलाला आत्ताच फोन करून पुढच्या तीन महिन्यांचं विचारायचं. आणि विम्याच्या फॉर्मवर आधीपासूनचे आजार खरे लिहायचे, नाहीतर ऐनवेळी कंपनी हात वर करते. काकूंनी चष्मा लावून बीपीपुढे 'होय' लिहिलं. काकांचा फॉर्म पुढे ओढला तर त्यांनी तो मागे घेतला.

"मला बीपी नाही."

"अहो, रोज गोळी घेता ना?"

"घेतो ना, म्हणूनच नाही."