बडीशेपेखालची दहाची नोट

भुकूमच्या ढाब्यावर सहा जणांचं जेवण झालं, की आमचे काका बडीशेपेच्या बशीत दहाची नोट ठेवतात आणि दोन मुठी बडीशेप उचलून ती वसूलही करतात. हेच काका लेकाकडे ह्यूस्टनला गेले. वेटरने यंत्र पुढे केलं: १८, २० की २५ टक्के? ‘काहीच नाही’चं बटण होतं, पण ते सुनेच्या डोळ्यांदेखत दाबायचं.

‘‘मालक पगार देत नाही का?’’

देतो की! टेक्सासात टिपवाल्यांना रोख किमान वेतन तासाला २.१३ डॉलर, केंद्रीय कायद्यातला हा आकडा १९९१पासून हललेला नाही. बाकीचं टिपेतून.

आता काका जपानला निघालेत. तिथे टिप ठेवली तर परत करायला मागे धावतात म्हणे. इतका सुसंस्कृत देश काकांना आजवर कुणी दाखवलाच नव्हता!