फुटू जरा मोठा घे की

उजनीच्या फुगवट्याला लागून असलेल्या कुठल्याही गावात जा. कंदर, वांगी, चिखलठाण, कुगाव, केत्तूर, कुठंही. सरपंच भेटेलच असं नाही, तलाठी तर भेटतच नाही, पण बॅनरवाला भेटतो. त्याला शोधावं लागत नाही. मारुतीच्या पारावर जो पोरगा मोबाइल नाकापाशी धरून, दोन बोटांच्या चिमटीत कुणाचं तरी मुंडकं पकडून ते लहानमोठं करत बसलेला असतो, तोच. वय चोवीस-पंचवीस. दाढी कोरलेली, मोबाइलची काच तडकलेली. बी.ए. दुसऱ्या वर्षात अडकलेलं. घरी दोन एकर केळी आणि थोडा ऊस, पण याची सगळी बागाईत पडद्यावर. गाव त्याला 'डिझायनर' म्हणतं. आई 'किडा' म्हणते. वडील काहीच म्हणत नाहीत. शेतीची लाइट रात्रीची असते, ते मोटार चालू करायला दोन वाजता उठतात, तेव्हा हा जागाच असतो. एवढ्या एका गुणावर त्यांनी त्याला अजून घरात ठेवलाय.

त्याच्या आधी हे काम पेंटरकडं होतं. पेंटरचं अक्षर मोत्यासारखं, पण भिंत संपायची आणि मजकूर संपायचा नाही. 'जाहीर सभा'तला 'भा' कोपऱ्यावरून वळून बोळात शिरायचा. मग फ्लेक्स आले. टेंभुर्णीला, जेऊरला किंवा करमाळ्याला गाडी काढायची, कोरलड्रॉवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसायचं आणि 'जरा डावीकडं, जरा उजवीकडं' करत दुपार घालवायची. आता गाडीही लागत नाही. चावडीवरचा फळा कधीच पुसला गेला. गावाचा फळा म्हणजे व्हॉट्सअॅपचा ग्रुप, आणि त्या फळ्यावर खडू चालवायचा मान याचा.

ही विद्या त्याला मिळाली ती एमएससीआयटीच्या क्लासात. हा कोर्स महाराष्ट्रात २००१ साली सुरू झाला, आणि तेव्हापासून निम्म्या महाराष्ट्रानं माउस हातात धरून पहिलं काम काय केलं असेल, तर पेंट उघडून डोंगर काढले. पेंट हे १९८५ सालचं, विंडोजच्या पहिल्या अवतारापासूनचं. त्यात दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, सूर्यातून निघणारी नदी, काठाला झोपडी आणि नारळाचं झाड. आमच्याकडं नजर जाईल तिथवर ऊस आणि केळी, पण चित्रात नारळच. त्या प्रोग्रॅममध्ये रंगाची एक तिरकी बादली असते. ती बंद आकारात ओतली तर तेवढाच आकार रंगतो, पण रेघेत टाचणीच्या टोकाएवढी जरी फट राहिली, तर रंग फुटून सगळीकडं पसरतो. यानं नदीत निळा रंग ओतला आणि क्षणात झोपडी, नारळ, डोंगर सगळं निळं. मागं उभे असलेले मास्तर म्हणाले, "बुडवलंस व्हय रं गाव?" तिथल्या एकालाही हसू आलं नाही. सगळी पोरं धरणग्रस्तांची. १९८० साली धरण पुरं झालं तेव्हा त्यांच्या आज्यांनी खरंखुरं गाव असंच निळं होताना पाहिलं होतं.

क्लासातल्या जुन्या पेंटमध्ये केलेली चूक फक्त तीन पायऱ्या मागं घेता यायची. चौथी चूक कायमची. मला वाटतं, याचा हात बसला तो या कंजूषपणामुळंच. आता मोबाइलवर पिक्सेललॅब आहे, त्यात थरावर थर चढवता येतात आणि हव्या तितक्या वेळा मागं फिरता येतं. म्हणूनच आता एकही बॅनर वेळेत होत नाही.

पिक्सेललॅबवाल्याच्या लेखी माणसांच्या दोनच जाती: पीएनजी असलेले आणि पीएनजी नसलेले. पीएनजी म्हणजे मागचा पडदा काढून टाकलेला, कुठंही नेऊन चिकटवता येणारा फोटो. ज्याला राजकारणात पुढं यायचंय तो आधी पांढरा शर्ट शिवतो, मग स्टुडिओत जाऊन हात जोडलेला, हात उंचावलेला आणि हाताची घडी घातलेला असे तीन पीएनजी करून घेतो. बाकीच्यांचा प्रश्न अवघड. कुणाकडं फक्त आधार कार्डावरचा फोटो, ज्यात माणूस स्वतःलाही ओळखत नाही. कुणी लग्नातला पाठवतो. एका नानांचा असाच लग्नातला फोटो कापताना त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला. बॅनर ग्रुपवर पडला. नाना एकटे, आणि खांद्यावर मनगटापासून पुढचा एक हात. दहा मिनिटांत हाताच्या मालकाचा फोन. "आंगठी माझी हाय. हात घेतलास तर तोंडानं काय घोडं मारलं हुतं?"

खरं शास्त्र याच्या पुढं सुरू होतं. सगळ्यात वर बारीक गोलांत महापुरुष. त्यांच्या मापाबद्दल भांडण नसतं. त्यांच्याखाली पक्षाचे मोठे नेते, मग तालुक्याचे. मधे उत्सवमूर्ती, काळा गॉगल लावलेली, कमरेपासून वर. खाली शुभेच्छुकांची रांग. या रांगेत कोण कुठं उभा राहील, कुणाचं कपाळ कुणाच्या कानापर्यंत येईल, हे ठरवणारा कायदा लिहिलेला नाही. तो फक्त याच्या डोक्यात आहे. गेल्या वेळी सोसायटीच्या निवडणुकीत कोण फुटला, कुणाची कुणाशी बोलचाल बंद आहे, कोण कोणाच्या शेजारी चालत नाही, हे पोलीसपाटलाला ठाऊक नसेल इतकं याला ठाऊक असतं. तरी पोस्ट पडली की फोन येतोच.

"आरं, फुटू जरा मोठा घे की."

"आण्णा, रांग बिघडती."

"बापूचा केवढा घेतलाय बघ. माझ्या दीडपट हाय त्यो."

"बापूंचं डोस्कंच मोठं हाय आण्णा."

"मग माझं बी कर."

आणि तो करतो. दोघांची समान करतो, मग तिसरा फोन करतो.

अक्षरांचा छळ वेगळाच. झोकदार अक्षरवळणं जुन्या पद्धतीची, मोबाइलचा कीबोर्ड युनिकोडचा, आणि मधे मजकूर उलटापालटा करून देणारं एक अॅप. त्या प्रवासात रफार हमखास एक घर पुढं सरकतो. म्हणून धरणकाठचं निम्मं पब्लिक एकमेकांना वर्षानुवर्षं 'हादिर्क शुभेच्छा' देत आलंय. एकदा त्यानं 'हार्दिक' बरोबर लिहिलं, तर ग्रुपवर एकानं चूक काढली.

कमाई म्हणाल तर वाढदिवसाला पन्नास रुपये, तेही 'दे की नंतर'. श्रद्धांजलीचे तो घेत नाही. श्रद्धांजलीची फाइल मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, कारण एकदा वाढदिवसाच्या फाइलीतलं नाव आणि फोटो बदलून घाईत काम केलं होतं, आणि तळाची 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' पुसायची राहून गेली होती.

या सगळ्यात त्याला स्वतःला काय काढावंसं वाटतं, हे मी एकदाच पाहिलं. हिवाळ्यात फुगवट्याच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, हजारोंनी. इंदापूरच्या अंगाला, कुंभारगाव-भिगवणकडं त्यांना बघायला पुण्याच्या गाड्यांची रांग लागते; आमच्या काठाला त्यांना बघतो तो मोटारीवर गेलेला माणूस. यानं झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, साध्या पेंटमध्ये, माउसनं तो थवा काढला. एकेक पाय म्हणजे एकेक रेघ, चोच वाकडी, पाणी सपाट राखाडी. फट कुठंही नाही. नारळही नाही. चित्र खरोखर चांगलं होतं. ग्रुपवर टाकलं. दोन अंगठे आले, आणि त्यांच्याखाली एक प्रश्न: "कोणाचा वाढदिवस?"

पण गाव ज्यासाठी सकाळी उठून मोबाइल उघडतं, ती पोस्ट वाढदिवसाची नाही. ती धरणाची. पाणी पातळी, एकूण साठा, उपयुक्त साठा, टक्केवारी, दौंडची आवक. हे आकडे मेसेजमध्ये साध्या अक्षरांत येतातच, पण साधी अक्षरं कोणी वाचत नाही. आकडा चौकटीत बसला, मागं दरवाज्यांतून उसळणारं पाणी लावलं की मगच तो खरा वाटतो. सातच्या आत याची पोस्ट पडली नाही तर लोक घरी येतात. कारण त्या आकड्यावर बरंच काही हलतं. पाणी मागं सरकलं की मोटारी खाली न्यायच्या, पाइप वाढवायचे, केबल वाढवायची, गाळात चारी खोदायची. चिलापी धरणाऱ्यानं जाळं कुठं टाकायचं, होडी कुठल्या काठाला लागेल, ऊस ठेवायचा की मोडायचा, हे सगळं त्या चौकटीत असतं.

शिवाय हे धरण वजा जातं. पुण्यात नोकरी करणारे आमचे भाचे दरवर्षी विचारतात, "मामा, रिकाम्यापेक्षा कमी कसं असेल?" असतं. उजनीत पोटाशी सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे, त्याच्यावर ५३.५७ टीएमसी उपयुक्त. पातळी ४९१.०३ मीटरवर आली की शून्य टक्के म्हणायचं आणि ४९६.८३ ला शंभर. शून्याच्या खाली पाणी असतंच, फक्त ते वजामध्ये मोजतात. वजा पन्नास म्हणजे गाळासकट अजून छत्तीस-सदतीस टीएमसी आत आहे. एवढं पाणी पुष्कळ धरणांना भरल्यावरही मिळत नाही, पण ते आपलं म्हणायचं नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा वजा पन्नासच्याही खाली गेला होता आणि याच्या पोस्टमागं दरवाज्यांतून पाणी उसळतच होतं, कारण दुसरं चित्र फाइलीत नव्हतं.

एक गोष्ट मी बघून ठेवलीय. धरण वजा असलं की त्या पोस्टवर कुणाचाच फोटो नसतो. महापुरुष नाहीत, तालुका नाही, शुभेच्छुक नाहीत. आकडा आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत याचं स्वतःचं नाव. कोणी फोन करून 'फुटू मोठा घे' म्हणत नाही. जूनचा दुसरा पंधरवडा लागतो, तिकडं मावळात, मुळशीत, पानशेतकडं पाऊस धरतो, मुळा-मुठा फुगते, बंडगार्डनचा विसर्ग वाढतो, तो दौंडला भीमेतून खाली येतो. करमाळ्यात तेव्हा टकटकीत ऊन असतं, पेरणीला थेंब नसतो, आणि धरण वाढत असतं. मग पहिला पीएनजी येतो.

त्या वर्षी आकडा वजा बारावर असताना एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यानं साहेबांचा हात उंचावलेला फोटो पाठवला. यानं तो डावीकडं लावला. फोन आला, "साहेब बारीक दिसत्यात." यानं मोठा केला. पुन्हा फोन, "जरा मोठा." पुन्हा केला. तेव्हा साहेबांच्या उंचावलेल्या हाताचं कोपर नेमकं वजाच्या चिन्हावर गेलं. पोस्ट पडली: उजनी १२ टक्के. सात वाजता ग्रुपवर, साडेसातला तालुक्यात. पारावर पेढे आले. कुणी तरी फटाके लावले. एकानं पाइप वर ओढायला गडी सांगितले. नऊ वाजता चूक याच्या लक्षात आली, तशी यानं कार्यकर्त्याला फोन लावला. "भाऊ, कोपर खाली घेतो, वजा झाकला गेलाय." पलीकडं थोडा वेळ शांतता.

"राहू दे रं," कार्यकर्ता म्हणाला. "चार दिसांनी हुईलच की."

झालंही तसंच. आणि ऑगस्टात धरण शंभर टक्के झालं. मग काय विचारता. जलपूजनाला कोण आधी जाणार यावरून गाड्या पळाल्या. पाण्यात साडी-चोळी सोडली गेली. भीमेच्या दोन्ही अंगाचे सगळे पीएनजी याच्या मोबाइलवर एकदम आदळले. पुण्याच्या डोंगरात पडलेल्या पावसाबद्दल साहेबांचे जाहीर आभार, साहेबांचे आभार मानणाऱ्या युवा नेत्याचे आभार, त्यांचे शुभेच्छुक, शुभेच्छुकांचा मित्रपरिवार. हा रात्रभर जागला. वडील मोटारीला उठले तेव्हा यानं डोकीच डोकी मांडली होती, आणि हव्या तितक्या वेळा मागं फिरता येत असूनही जागा काही होत नव्हती. शेवटी एकच गोष्ट काढली तर रांग बसत होती. त्यानं ती काढली.

सकाळी सातच्या आत पोस्ट पडली. वर महापुरुष, खाली चार ओळींत पुढारी, मागं उसळतं पाणी, यंदा पहिल्यांदाच खरं. 'हादिर्क अभिनंदन' मोठ्या सोनेरी अक्षरांत. अंगठे, फुलं, जोडलेले हात यांचा पूर लागला. मधेच कुगावच्या एका आबांचा आवाज आला. आबांना टाईप येत नाही, ते बोलूनच पाठवतात. मागं कोंबडा ओरडत होता.

"पोरा, मानसं लई दिसत्यात. पानी किती आलं ती सांग."