ससेक्सचा ध्रुवप्रकाशार्थी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत, विशेषतः ससेक्स आणि केंट या काउंट्यांत, ध्रुवप्रकाशार्थी म्हणता येईल असा एक मानवप्रकार आढळतो. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र खवळले की कण वेगाने वातावरणात शिरून तेथील ऑक्सिजन व नायट्रोजन उजळतात. यालाच ध्रुवीय प्रकाश म्हणतात आणि तो पाहण्यासाठी शहाणी माणसे सुमारे ७० अक्षांशावरच्या ट्रॉम्सोला जातात. ध्रुवप्रकाशार्थी मात्र ५१ अक्षांशावरील स्वतःच्या परसात खुर्ची टाकून बसतो, कारण येणे-जाणे प्रकाशाने करावे, अशी त्याची धारणा असते.

त्याचा दिवस केपी निर्देशांकाने उजाडतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ दर तीन तासांसाठी ० ते ९ या श्रेणीत सांगणारा हा आकडा तो पंचांग पाहणाऱ्याच्या गांभीर्याने पाहतो आणि तो ७ च्या वर चढला की जेवण अर्धवट टाकून बी-झेडकडे वळतो. सौर वाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक म्हणजे बी-झेड. तो दक्षिणाभिमुख झाला तरच पृथ्वीचे चुंबकीय कवच सैल पडते, आणि याची वर्दी सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेली याने फार तर तासभर आधी देतात. तेवढ्यात थर्मास भरणे, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड हुडकणे आणि न्हाणीघरातला दिवा बंद करण्यासाठी पत्नीची मनधरणी करणे, ही तिन्ही कामे उरकावी लागतात. ती उरकली की बी-झेड उत्तरेकडे फिरतो, आणि तो फिरला नाही तर ढग येतात. क्वचित क्षितिजावर गुलाबी झाक दिसते, तिचे चाळीसएक फोटो निघतात आणि ती टोमॅटोच्या काचघरातील दिव्यांची असल्याचे सकाळी उघड होते.

१० मे २०२४ च्या रात्री २००३ नंतरचे पहिलेच सर्वोच्च श्रेणीचे भूचुंबकीय वादळ आले, तेव्हाही तो शास्त्रानुसारच वागला. एवढ्या दक्षिणेतून ध्रुवीय प्रकाशाचा केवळ माथा, म्हणजे २०० किलोमीटरहून उंचावरील ऑक्सिजनची लाली, उत्तर क्षितिजालगत दिसते, हे पाठ असल्याने त्याने शेजारच्या कुंपणावरून नजर हलवली नाही. मांजराला हाक मारायला बाहेर आलेल्या शेजारीणबाईंना यातले काहीच ठाऊक नसल्यामुळे त्यांनी सरळ वर पाहिले, तर हिरवे-गुलाबी किरण ऐन माथ्यावर एका बिंदूत मिळून त्यांचा मुकुट झाला होता. लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही त्या वादळाची लाली टिपली, ही बातमी त्याला विशेष झोंबली.

तथापि त्याची प्रतिष्ठा वाढली. ‘आज दिसेल का हो?’ असे शेजारीणबाई आता त्यालाच विचारतात आणि तो त्यांना बी-झेड समजावून देतो. माथ्यावरचा तो प्रकार अपवाद होता आणि अपवादाने नियम मोडत नाही, हे त्यांना बजावून तो खुर्ची पुन्हा कुंपणाकडे तोंड करून मांडतो.