गाडी सोडवताना लागणारी माणसे

दारूच्या अंमलाखाली वाहन चालवताना पकडले गेल्यावर गाडी परत कशी मिळवावी, या विषयावर आपल्याकडे तोंडी परंपरा समृद्ध आहे, लेखी साहित्य मात्र तोकडे. प्रत्येक मित्रमंडळात एक अनुभवी असतो. त्याचा सल्ला ‘काही होत नाही रे’पासून सुरू होतो आणि ‘मला वाटलं, गाडी तुझ्याच नावावर असेल’ इथे संपतो. मधला सगळा भाग त्याने गाळलेला असतो. तो भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन.

पूर्वतयारी नाकाबंदीच्या थोडी अलीकडे सुरू होते. लांबून लाल-निळे दिवे दिसले की गाडीतले गाणे बंद पडते आणि मागच्या सीटवरचा तज्ज्ञ वेलदोडा पुढे करतो. वेलदोडा जरूर खावा, पचनाला बरा. पण पोलिसांच्या हातातले यंत्र तोंडाचा वास घेत बसत नाही. ते फुप्फुसांतून आलेल्या हवेतले अल्कोहोल मोजते, आणि फुप्फुसांना ते थेट रक्ताकडून मिळालेले असते. त्यामुळे वेलदोडा, कच्चा कांदा, मसाला पान, कडक कॉफी या साऱ्याचा उपयोग फार तर शेजारी बसलेल्या माणसाला. काही दूरदर्शी लोक गाडीत माउथवॉश बाळगतात. त्यात पुष्कळदा अल्कोहोलच असते; म्हणजे वर आणखी थोडे घेऊन यंत्रापुढे उभे राहण्याची सोय.

हवालदार म्हणतील, “फुंका.” फुंकावे. गाल फुगवून हवा आतच ठेवण्याचा अभिनय करू नये. त्यांनी याहून चांगले नट पाहिलेले असतात. चाचणीला नाहीच म्हणालात आणि त्याला वाजवी कारण नसेल, तर तो नकारही खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येतो. आकडा आला की ‘साहेब, दोनच घेतले’ हे वाक्य बोलण्याची प्रथा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ मध्ये शंभर मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही रेघ आखलेली आहे. पेग हे एकक त्या कलमात नाही. मित्राने अंदाजाने ओतलेला पेग तर कुठल्याच कायद्यात नाही.

या क्षणी खिशातून परवाना काढण्याची वेळ येते. काही जण दारू पिण्याचा परवाना काढून दाखवतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू असल्याने असा परवाना खरोखरच मिळतो: एका दिवसाचा पाच रुपयांत, तहहयात हजार रुपयांत. ज्याने तहहयात काढून ठेवला आहे त्याच्या आत्मविश्वासाचे कौतुक वाटते. पण शासनाने त्याला प्यायला आणि गाडी चालवायला दोन वेगवेगळे कागद दिले आहेत. दोन्ही एकाच रात्री वापरण्याचा तिसरा कागद निघत नाही.

परवान्याने भागले नाही की फोन. “साहेब, जरा बोला ना यांच्याशी.” पलीकडे बहुधा कोणी माजी असतो. अपरात्री उठवल्या गेलेल्या माजी नगरसेवकाचा आवाज हवालदार शांतपणे ऐकून घेतात, “हो साहेब, हो साहेब” म्हणतात आणि फोन परत देऊन यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर तुमची सही घेतात. हा गुन्हा जागेवर तडजोड शुल्क भरून मिटणाऱ्यांच्या यादीत नाही. सिग्नल तोडल्याचे पैसे भरून मोकळे होता येते, इथे न्यायालयाची पायरी चढावी लागते. फोनवरच्या साहेबांना हे ठाऊक असते. ते तुम्हाला सांगत नाहीत, कारण मग पुढच्या वेळी तुम्ही फोन कुणाला करणार?

अटक झालीच, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडून द्यावे लागते. मोबाइलवर हे वाचून ‘दोन तास काढू या’ असा बेत आखणारे असतात. सरकारी दवाखान्याचा रस्ता पोलिसांना तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. रक्ताचा नमुना द्यावा आणि तो आपलाच राहील अशी इच्छा धरावी. पुण्याला या बाबतीत पूर्वानुभव आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात पहाटे भरधाव पोर्शे गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली आणि त्याला आधी मिळालेल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. तो निबंध देशभर गाजला. मेलेल्या दोघांबद्दल त्यामानाने कमी लिहिले गेले. गाडी सोडवण्याच्या आपल्या साहित्यातही त्या बाजूची माणसे येत नाहीत, हे जाता जाता नोंदवून पुन्हा विषयाकडे वळू.

आता गाडी. ती वाहतूक विभागाच्या आवारात जाते आणि तुम्ही रिक्षाने घरी. ज्या रिक्षाला संध्याकाळी नको म्हटले होते, तिला आता रात्रीचा दर लागतो. आवारात गाडी एकटी नसते. तिथे हँडल वाकलेल्या दुचाकी असतात, चाकात हवा नसलेल्या रिक्षा असतात, आणि कुणीच न्यायला न आल्याने काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचलेली एखादी महागडी मोटारही असते. गाडी ताब्यात घेताना पंचनामा झालाच, तर तो वाचण्यासारखा असतो: ‘पांढऱ्या रंगाची चारचाकी, डाव्या दरवाजास जुना पोचा, डॅशबोर्डवर गणपतीची लहान मूर्ती, मागील सीटवर निळ्या रंगाचे एक शालेय दप्तर.’ या यादीतल्या शेवटच्या वस्तूकडे अनुभवी माणसे पाहतच नाहीत. गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे, मित्राकडे ठेवली आहे, पेट्रोल संपले, अशा उत्तम कथा त्यांनी घरी येताना रचलेल्या असतात. सकाळी साडेसहाला मूल विचारते, “बाबा, माझं दप्तर?” आणि सगळ्या कथा तिथेच संपतात.

सोडवायला जाताना लागणारे कागद सोपे आहेत: नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आपले आरसी बुक, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि न्यायालयात दंड भरला असल्यास त्याची पावती. पीयूसीची मुदत संपलेली नसावी. ती संपलेलीच असते. कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. फक्त त्या मोबाइलचे चार्जिंग संपलेले नसावे.

कागद जमतात, अडते ते माणसापाशी. गाडी सोडायची ती मालकाच्या हाती, आणि मालक म्हणजे रात्री स्टिअरिंगवर असलेला नव्हे, आरसी बुकात ज्याचे नाव आहे तो. मराठी कुटुंबात ते नाव कोणाचे असेल हे सांगता येत नाही. वडिलांचे असेल तर ते कागदांची फाइल घेऊन वेळेच्या अर्धा तास आधी पोचतात, खिडकीपाशी स्वतःची ओळख निवृत्त मुख्याध्यापक अशी करून देतात, आणि मग कोणी काही न विचारता म्हणतात, “माझा मुलगा आहे.” गाडी जुनी घेतलेली असेल आणि नाव बदलून घ्यायचे राहिले असेल, तर आधीच्या मालकाला फोन करावा लागतो. तो तीन वर्षे ‘ट्रान्सफर करून घ्या हो’ म्हणून थकलेला असतो. आज त्याच्या आवाजात फारा दिवसांनी तृप्ती असते. सासऱ्यांचे नाव असेल, तर या मार्गदर्शनाची मर्यादा इथेच मान्य केलेली बरी.

सर्वांत शैक्षणिक प्रकार म्हणजे गाडी पत्नीच्या नावावर असणे. गाडीचा क्रमांक टाकताच पोलिसांना तिची थकलेली जुनी ई-चलनेही दिसतात, आणि मालकीणबाईंना ती वाचून दाखवली जातात. ई-चलनावर तारीख, वेळ, ठिकाण आणि बहुधा छायाचित्रही असते. ‘लोणावळा, शनिवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे’ असे हवालदार वाचतात तेव्हा तुम्हाला आठवते, की त्या शनिवारी ऑफिसात ऑडिट होते. हवालदारांना तुमच्या संसारात रस नसतो. ते फक्त रक्कम विचारतात, “भरणार का मॅडम?” मॅडम भरतात. हिशेब नंतर होतो.

दारूबरोबर अपघातही घडलेला असेल आणि गुन्हा दाखल झाला असेल, तर गाडी मुद्देमाल होते आणि प्रकरण न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर सोडवण्याचे होते. पूर्वी अशा गाड्या पोलीस ठाण्याबाहेर वर्षानुवर्षे सडत. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले, की जप्त वाहने अशी ठेवून काही साधत नाही. छायाचित्रे काढा, बंधपत्र घ्या, योग्य हमीवर सोडा. तरी अजून काही ठाण्यांबाहेर गाडीतून उगवलेला एरंड दिसतो, पण कायदा तुमच्या बाजूने आहे. गरजूंसाठी अर्जाचा एक प्रामाणिक नमुना:

‘प्रति, मा. न्यायदंडाधिकारी साहेब यांच्या सेवेशी. विषय: वाहन सुपुर्दनाम्यावर मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज करतो, की सदर वाहन अर्जदाराच्या उपजीविकेचे साधन असून (अर्जदार बँकेत नोकरीस आहे व बसने जाऊ शकतो) ते उघड्यावर पडून खराब होत आहे. वाहनाचा यात काही दोष नाही. ते शुद्धीवर होते. अर्जदार सदर वाहन विकणार नाही, त्याचा रंग वा स्वरूप बदलणार नाही व न्यायालय सांगेल तेव्हा हजर करील. कर्जाचा हप्ता वाहन आवारात असतानाही ठरल्या तारखेस जात आहे. तरी कृपा व्हावी.’

कंसातला मजकूर वकील काढून टाकतात. जामीनदार लागला, तर मित्रमंडळातल्या त्या एकाकडे जावे लागते, जो प्रत्येक बैठकीत लिंबूसरबत घेऊन बसतो आणि ज्याची आपण वर्षानुवर्षे थट्टा केली. तो येतो. येताना आधारकार्डाच्या दोन प्रती आणतो, कारण एक लागेल असे तुम्ही त्याला सांगितलेले असते.

न्यायालयाचा दिवस लवकर आटोपतो. बाहेरच्या बाकावर रात्रीचे सगळे ओळखीचे चेहरे इस्त्रीचे शर्ट घालून, भांग पाडून बसलेले असतात: सॉफ्टवेअरवाला, केटरिंगवाला, रिक्षावाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा आलात तर दोन वर्षांपर्यंत, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता, आणि तेव्हाचे जाणकार अजूनही तो आकडा स्वस्ताईच्या आठवणीसारखा सांगतात. दहा हजार सर्वांना सारखे, हे समतेचे तत्त्व ऐकायला छान आहे. सॉफ्टवेअरवाला ते मोबाइलवरून भरायला तयार असतो. रिक्षावाल्याची कमाईच आवारात उभी असते, आणि बुडालेल्या कमाईने त्याचा दंड दिवसागणिक वाढत जातो. तो चुकला नाही असे नव्हे. पण त्याची चूक जास्त महाग आहे, हे त्या बाकावर दहा मिनिटे बसल्यावर कळते.

‘गुन्हा कबूल आहे?’ ‘कबूल.’ इतके झाले की पावती.

आता एक शास्त्रीय सूचना, कारण इथेच हुशार माणसे घसरतात. रात्री पकडले गेल्यावर सकाळी अंघोळ केली, पोहे खाल्ले, ताक प्यायले, म्हणजे उतरली असे समजून काही जण आवाराकडे निघतात. यकृताला अंघोळ, पोहे, ताक यांपैकी कशाचेही सोयरसुतक नसते. ते सरासरीने तासाला शंभर मिलिलिटर रक्तामागे पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल कमी करते; कोणाचे थोडे जलद, कोणाचे सावकाश. रात्री अडीचला आकडा १८० असेल, तर सकाळी साडेदहाला तो साठच्या घरात असतो. म्हणजे कायद्याच्या रेघेच्या दुप्पट. अशा अवस्थेत पोलिसांच्याच आवारातून, पोलिसांसमोर, पोलिसांनी नुकतीच परत दिलेली गाडी चालवत बाहेर पडायचे, याला धाडस म्हणावे की आदरातिथ्य, ते प्रत्येकाने ठरवावे. गटारी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी हा हिशेब विशेष लक्षात ठेवावा. आपल्या घरी दिव्यांची पूजा होते त्याच संध्याकाळी पोलीसही दिवे लावून उभे असतात.

शिवाय तुम्ही गाडी चालवणार कशी? लायसन्स आधीच काढून घेतलेले असते, आणि कलम १८५ खाली दोषी ठरल्यावर किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. म्हणजे मालक एक, जामीनदार एक, आणि आता चालक एक. रात्री ‘मी मस्त चालवतो, बसा रे’ म्हणणाऱ्या माणसाची गाडी घरी आणायला शुद्धीवरचे इतके लोक रजा काढून येतात. त्यांच्या रजेचा कुठल्याच पावतीवर उल्लेख नसतो. विमा कंपनीकडून काही मिळेल अशी आशा असेल, तर नशेत चालवताना स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसान पॉलिसीत बसत नाही. छोट्या अक्षरातले ते कलम चष्मा लावून आवारातच वाचून घ्यावे.

गाडी ताब्यात घेताना चाकांत हवा, स्टेपनी आणि बॅटरी पाहावी. दप्तर आधी ताब्यात घ्यावे. मग चावी पत्नीकडे द्यावी आणि आपण मागे, दप्तराशेजारी बसावे; पुढची सीट वडिलांसाठी असते. पत्नी आपली सीट पुढे ओढून घेईल, आरसा खाली वळवील, आणि गिअर टाकण्याआधी एकदा मागे पाहील. हे पाहणे वाहतुकीसाठी असते असे गृहीत धरून खिडकीबाहेर बघावे. ‘क्लच जरा हळू’ अशी सूचना सुचेल, ती करू नये. सीट आणि आरसा पुढचे सहा महिने त्याच जागी राहतील, त्यांना हात लावू नये.