क्ष शोधा म्हणे!

कढीपत्ता हवा तेवढा तोडा हो वहिनी, पण जरा थांबा, तुम्हाला सांगायचंच होतं. आमच्या नातीचं अमेरिकेचं चाललंय ना, ते आता निबंधावर येऊन अडलंय. मार्क आहेत, परीक्षा झाल्या, शिक्षकांची पत्रं गेली. पण निबंधाला विषयच सुचेना! तिचा बाप म्हणतो, सीईटीला बसली असतीस तर टिका मारून मोकळी झाली असतीस.

मला वाटलं, काहीतरी भारी विचारलं असेल. तर त्या शिकागो विद्यापीठाचे जुने प्रश्न तिने वाचून दाखवले. एका वर्षी म्हणे, 'क्ष शोधा'. बस्स, एवढंच! एकदा विचारलं, तो चित्रांच्या पुस्तकात गर्दीत लपलेला पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला वाल्डो, तो खरंच आहे तरी कुठे? हे प्रश्न तिथले आजी-माजी विद्यार्थीच सुचवतात, आणि एकही पसंत पडला नाही तर आपला आपण प्रश्न काढायचीही मुभा. मी म्हटलं, अगं, हे तर आमचं शाळेतलं! 'सूर्य उगवला नाही तर', 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त'. फक्त आम्ही गाइडातून पाठ करून लिहायचो, म्हणून महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या छत्र्या एकाच पावसात फाटल्या.

आता तिकडच्या निबंधांचीही गाइडं निघालीत. पुण्यात एका सल्लागाराकडे गेली होती. नाव घेत नाही, फी ऐकलीत तर हातातली डहाळी खाली पडेल. त्याने सांगितलं, समाजसेवा लिही, वस्तीतल्या मुलांना शिकवलंस ना, ते लिही. तुमच्यापासून काय लपवायचं? एक-दोन रविवार गेली असेल, मग मैत्रिणीचा वाढदिवस आला. आणि त्या मुलांनीच हिला भोवरा फिरवायला शिकवलं. मी म्हटलं, भोवऱ्यावर लिही की! तर म्हणे, आजी, ते सिरीयस वाटत नाही. मग आकुर्डीला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते, त्यावर लिहू का म्हणाली. लिही बाई, पण त्या दिवशी तू काय केलंस? रस्ते बंद, म्हणून दुपारपर्यंत झोपली होती!

आमच्या ह्यांनी मग टाटांच्या टेल्को कंपनीची गोष्ट काढली. टेल्को निघाली की हे थांबत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. पण गोष्ट खरी आहे. 1974 साल. सुधा मूर्ती तेव्हा सुधा कुलकर्णी, बंगळूरला शिकत होत्या. टेल्कोची जाहिरात लागली, त्यात बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं. बाईंनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं, की टाटांसारख्यांनी बायकांना असं दार लावावं? मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं, नोकरीही लागली. हे सांगत होते, बघ, कार्डावर जागा ती केवढी! तुमच्या त्या कॉमन फॉर्मच्या निबंधाला साडेसहाशे शब्द देतात, तरी तुम्ही रडता. बाईंना जे खटकलं तेवढंच त्यांनी लिहिलं. ह्यांचं मला सहसा पटत नाही, हे मात्र पटलं.

तर परवा भाजी निवडता निवडता पोरगी सहज म्हणाली, आजी, बालवाडीत बाईंनी विचारलं होतं, सुट्टी कधी असते? मी म्हटलं गुरुवारी, सगळे हसले. मी हटूनच बसले, गुरुवारी बाबा घरी असतात म्हणजे गुरुवारीच सुट्टी!

वहिनी, मी सुरी खाली ठेवली. अगं, हाच तुझा विषय!

लेकाचं काम भोसरी एमआयडीसीत, आणि तिथली सुट्टी गुरुवारची, तुम्हाला काय सांगायचं. विजेचा भार वाटला जावा म्हणून भागाभागाचे सुट्टीचे वार वेगळे, आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्या एका वारानं घरात काय काय झालं बघा. शाळेला रविवार, बापाला गुरुवार, त्यामुळे दोघं पूर्ण दिवस एकत्र अशी कधी नव्हतीच. गुरुवारी सकाळी तोच तिला शाळेत सोडायचा. शर्ट धुतलेला असला तरी कूलंटचा वास जात नसे, आणि खिशात कुठलीतरी पिन नाहीतर बुश, चाकणच्या पार्टीला दाखवायचा नमुना. पालकसभा नेहमी शनिवारी, तिला मी. सिनेमा शुक्रवारी लागणार आणि हा मोकळा गुरुवारी, म्हणजे उतरायच्या दिवशी रिकाम्या थेटरात बापलेक बसलेले. आणि गुरुवार दत्ताचा! आख्ख्या आठवड्यात एक दिवस माणूस घरी, आणि त्याच दिवशी मटण नाही. लेक माझा वीस वर्षं सुट्टीला पिठलं खातोय.

त्या शिकागोवाल्यांना हे कुठल्या गाइडात सापडणार? सल्लागाराला सांगितलं तर म्हणतो, यात लीडरशिप दिसत नाही. न दिसो. विज्ञान मंडळाची अध्यक्ष होते, असं लिहिणाऱ्या पोरी त्यांना ढिगानं मिळतील. हिनं मात्र आता पहिलं पान लिहिलंय, आणि वाचताना तिचा बाप उठून उगाच पाण्याची टाकी बघायला गेला. घेतील न घेतील, ते त्यांचं ते जाणोत. विषय गुरुवारच राहणार.

फॉर्म जानेवारीच्या सुरुवातीला जायचाय. तुमचे भाऊ भोसरीतच होते ना इतकी वर्षं? संध्याकाळी पाठवा त्यांना चहाला, त्यांच्या काळचे गुरुवार पोरीला विचारायचेत.